आधी आरसा

सोमवार, ५ जानेवारी

आले एकदाची डोंबिवलीत! नाशिकहून निघताना संचिताने गळा काढला होता. सहा वर्षांची आहे, आईला सोडून राहायची सवय नाही. तिला शब्द दिलाय, अठरा तारखेच्या रविवारी आजी तुला घेऊन येईल, मग आपण इथेच राहू.

सगुणाकाकूंनी कारखान्यावरची खोली दिलीय. त्यांचे यजमान भिवाकाका मूर्तिकार होते, मागच्या वर्षी गेले. खाली त्यांच्या दगडी मूर्ती आहेत: नरसिंह, त्रिविक्रम, गजासुराचं कातडं डोक्यावर धरून नाचणारा शंकर. ठाण्याला नौपाड्यातल्या एका गॅलरीला पुस्तकासाठी फोटो हवेत, तेही काळे-पांढरे, फिल्मवर. माझ्या कॅमेऱ्याच्या जुन्या डब्याला शेवटी कोणीतरी विचारलं म्हणायचं! काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. दाबून जेवले.

बुधवार, ७ जानेवारी

नरसिंह झाला. काळ्या-पांढऱ्यात रंगाची लबाडी चालत नाही, सगळी मदार उजेडावर. खिडकीला काकूंचं पांढरं लुगडं बांधलं, मग कुठे नखं मनासारखी आली.

कोपऱ्यात अहिल्या आहे. अर्धी शिळेत, अर्धी बाहेर, डोळ्यांवर फडक्याची पट्टी. काकू म्हणाल्या, मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात आणि तिची पहिली नजर आरशावर पडू द्यायची, माणसावर नाही. तिला तिचाच चेहरा दाखवायचा. भिवाकाकांनी बाजूला उभं राहून डोळे कोरले, पट्टी बांधली, आरसा आणायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. तेव्हापासून ती पट्टी कोणी सोडलेली नाही. सोडायचीच तर आधी आरसा धर गो पोरी, असं काकूंनी दोनदा बजावलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

काकू बाजारात गेल्या आणि मी पट्टी सोडली. आरसा कशाला शोधत बसू? माझ्या कॅमेऱ्यात आरसा असतोच की! मागे उभी राहून गाठ सोडली, कॅमेरा डोळ्याला लावूनच समोर आले. रीतही पाळली, वेळही वाचला. काय डोळे कोरलेत, भिवाकाका, हात जोडले तुम्हाला! एकच फोटो घेतला आणि पट्टी परत बांधून टाकली.

सोमवार, १२ जानेवारी

बटण दाबतं ते बोट बधिर झालंय. गॅलरीत गेले होते, तिथेच नौपाड्यात डॉक्टरांनी सुई टोचली. मला कळलं नाही. रक्तही आलं नाही. शीर दबली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या.

परतताना रिक्षात डोक्यात आलं. कॅमेऱ्यातला आरसा समोरच्याला त्याचा चेहरा दाखवत नाही. जे येईल ते वळवून फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यात सोडतो. इतकी वर्षं हेच काम करते मी, आणि अक्कल गहाण टाकली होती.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी हलवा दिला. काटे जिभेला टोचले नाहीत. हात खांद्यापर्यंत गेलाय.

फिल्म धुतली. फोटोत अहिल्येच्या गालावर लव आहे. खाली जाऊन तिच्या पायाला डाव्या हाताने शिवले. कोमट लागला.

संचिताचा फोन आला. खूप रडली. मी ऐकत राहिले, काहीच वाटलं नाही. त्याचंच तेवढं वाईट वाटतंय, आणि तेही कमी होत चाललंय.

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी खिडकीत मांजर आलं. माझ्या डोळ्यांत बघत बसलं. दुपारीही तिथेच — पेन्सिलीने वाजवून पाहिलं. टक् टक्. दगड.

ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली, मग काकूंना हाक मारली. दाराबाहेरूनच सगळं सांगितलं. त्या रडायला लागल्या. त्यांचे दीर गोपीनाथ मूर्तिकारच आहेत. रविवारी संध्याकाळी आरसा घेऊन येतील, आधी आरसा माझ्यासमोर धरतील, मगच माझी ओढणी सोडतील. नजर आरशावर पडली तर सुटेन, असं काकू म्हणतात. तोवर कोणासमोर डोळे उघडायचे नाहीत.

शनिवार

अंदाजाने लिहितेय, डाव्या हाताने. पाय गेले. काकूंना म्हटलं, आईला फोन लावा, संचिताला आणू नका म्हणावं. लागत नाही. पुन्हा लावा म्हटलं —

घाबरायला हवं मी. घाबरायचं कसं ते आठवत नाही.

रविवार

काकू गोपीनाथांना आणायला गेल्यात. जिन्यात पावलं. गोपीनाथ नाहीत — हलकी आहेत — पळत येतायत —

ओरडले. आवाज ओठांतून बाहेर पडत नाही —

दार. हसतेय. आई, आंधळी कोशिंबीर खेळतेस? म्हणते —

मांडीवर चढली असावी. वजन कळत नाही. मान वळत नाही, हात उचलत नाही, बोटं तेवढी हलतायत. गाठीशी तिची बोटं — संचिता नको — बाळा, आधी आर