म्हाळातला भावजींचा वाटा

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

नांदगाव,
आश्विन शुद्ध तृतीया

चि. जितेंद्र भावजींस शेवंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही आणि जाऊबाई दीपिका तिकडे मुंबईत खुशाल असाल असे धरून चालते. चतुर्थी करून गेल्यापासून तुमचा फोन नाही, म्हणजे खुशालच असणार. तुमचा फोन अडचणीतच येतो. इकडे भात पोटरीला आले आहे, गाय ठीक, मी ठीक. दादांचे पुढे लिहिते. (फोन मीच केला असता, पण दादा स्पीकर लावून मध्ये बसतात आणि हे त्यांच्या कानांवर जायचे नाही. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाका.)

चतुर्थीला तुम्ही स्टेशनापासून रिक्षाने तुमच्या कंपनीचे तीन खोके आणलेत आणि म्हणालात, वहिनी, आता चुलीपुढे मरू नका, नुसते गरम पाणी ओता आणि पाच मिनिटे झाका. उपमा, पोहे, शेवया, सूप, वड्यांचे तयार पीठ, खिरीचे मिश्रण आणि सोलकढीची पूड. सोलकढीची पूड, भावजी. ज्या घरात कोकमाच्या आगळाच्या दोन बरण्या आहेत आणि घरामागच्या परड्यात फिरताना नारळ डोक्यात पडेल म्हणून वर बघत चालावे लागते, त्या घरात. पाकिटावर 'आईच्या हातची चव' असे छापले आहे. कोणाच्या आईच्या ते छापलेले नाही. सासूबाई असत्या तर विचारायला कारखान्यात गेल्या असत्या. पण फुकटचे आले ते वाया कसे घालवायचे, म्हणून मी ठेवून घेतले. हा दोष माझा. रिकामी पाकिटेसुद्धा धुऊन त्यांत काजूच्या बिया रुजत घातल्या आहेत.

दादांना त्या खाण्याचे जे वेड लागले ते विचारू नका. सकाळी पेज नको झाली. उपम्याचा वाडगा, दुपारी शेवया, दिवेलागणीला सूप. एका पाकिटात दोन माणसांचे प्रमाण असते असे मागे बारीक अक्षरात लिहिले आहे (सुईत दोरा ओवायच्या चष्म्याने वाचले). आमच्याकडे ती दोन माणसे म्हणजे दादा आणि त्यांची भूक. आठ दिवसांत चेहरा भरला, गाल वर आले. शेजारच्या तुळसाकाकी म्हणाल्या, "परशुराम आता बरो दिसता हां. खाल्लेला अंगाक लागला." मलाही बरे वाटले, खोटे कशाला लिहू. मग एक दिवस चप्पल पायात जाईना. अंगठी खोबरेल लावून काढली. कुडाळला डॉक्टरकडे नेले, तर त्याने नडगीवर अंगठा दाबला आणि तिथे खळगा पडला तो वर येईचना. प्रेशर वरचे एकशे ऐंशी, खालचे एकशे दहा. काय खाता विचारल्यावर दादा म्हणाले, "काय नाय, पेज." मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरने मागचा मिठाचा आकडा वाचला आणि म्हणाला, मावशी, हे असेच चालले तर एक दिवस तोंड वाकडे होईल किंवा मूत्रपिंड जाईल, यातले आधी काय ते मी सांगू शकत नाही. मी घरी येऊन कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांखाली रोजची पाकिटे आणि प्रेशर मांडायला लागले. (आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी येऊन मोजतात.) मी मॅट्रिकच, पण दोन आकडे हातात हात घालून वर चाललेले मला कळतात. दादांना कळत नाहीत.

त्यात पितृपक्षातला मामंजींचा म्हाळ आला. मी पहाटे उठून उडदाचे वडे, खीर, भाज्या, सगळे सोवळ्यात केले. तुम्हाला रजा नाही, हे दादांनी आधीच सांगितले होते. (रजा चतुर्थीला असते, बापाच्या म्हाळाला नसते, हे कंपन्यांचे धोरण असेल.) पण म्हाळात धाकट्या भावाचा वाटा नाही, हे दादांना बघवेना. त्यांनी स्वतः पाणी तापवून तुमच्या पाकिटांतले वडे, खीर आणि सोलकढी केली आणि "ह्यो जितूचो वाटो" म्हणत तीन द्रोण मामंजींच्या पानावर मांडले.

पान परड्यात ठेवले. समोरच्या फणसावर चार कावळे. खाली एक येईल तर शपथ. बारा वाजले, एक वाजला, भटजींना पुढे अजून दोन म्हाळ. तुळसाकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "परशुरामा, बापाशीच्या मनात काय तरी आसा रे. इचार तेका."

दादांनी हात जोडले. "बाबानू, काजीची बाग इकूचंय नाय." कावळे हलले नाहीत. "जितूक अंतर दिवचंय नाय." एका कावळ्याने पाठ फिरवली. यात माझा हात नाही.

मग मी पानाशी जाऊन वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "मामंजीनू, ह्येंचा प्रेशर वाढला हा. डॉक्टराचा ऐकणत नाय. आता तुमीच सांगा." दादांनी माझ्याकडे असे बघितले की म्हाळ माझाच घालतील. पण भटजी घाई करत होते. शेवटी दादा पुटपुटले, "बरा तर. पाकिटातला खावचंय नाय." आणि भावजी, फांदीवरून कावळा सरळ पानावर उतरला. दादा रडायला लागले. तुमच्या तीन द्रोणांना मात्र त्याने चोचही लावली नाही.

उरलेला खोका मी कणगीत भाताखाली लपवला. रामेश्वर तुम्हाला सद्बुद्धी आणि रजा देवो.

तुमची,
शेवंतीवहिनी

ता. क. नमस्काराला वाकले तेव्हा भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा मी वड्याखाली सरकवला होता. म्हाळाच्या पानात. रामेश्वराला अकरा प्रदक्षिणा घातल्या आहेत. हे दादांना मरेपर्यंत कळता कामा नये.

ता. क. २. वचन दहा दिवस टिकले. परवा दादा गोठ्यात सापडले, हातात सूपचा वाडगा. कणगी उपसून खोका काढला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वीस वर्सांत जितून पयल्यांदा काय तरी दिल्यान. ता ढोरांका घालू?" याचे उत्तर आता तुम्ही सुचवा. चतुर्थीचे पाच दिवस तुम्ही तीनही वेळा माझ्या हातचे जेवलात, स्वतःच्या कंपनीचे एक पाकीट फोडले नाहीत, हे मी बघत होते. ते का, एवढेच तुमच्या अक्षरात दादांना लिहा. आणि पत्राबरोबर दुसरे काहीतरी पाठवा. छत्री पाठवा. तुम्ही पाठवलेली छत्री दादा खाणार नाहीत असे मला वाटते. खात्री देत नाही.