पट्टे कुठून सुरू होतात

प्रिय श्वेता,

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकून शेजारीच बसतात, म्हणून हा उपद्व्याप. माझे गुडघे दुखताहेत, बाकी बरं आहे. मागच्या अंगणातली कर्दळ ह्या वर्षी काय माजलीय गं!

त्याच कर्दळीत काल सकाळी किरडू निघालं. हातभरसुद्धा नाही, काळं, अंगावर पांढरे पट्टे. मी ओरडले तसे बाबा चहा टाकून आले. साप निघाला की निम्मं मुलुंड अजून 'जयवंतकाका' म्हणत ह्यांनाच बोलावतं, मग घरच्या सापाला किती उत्साह! "अगं, कवड्या आहे. विष नसतं त्याला," म्हणत त्यांनी हात पुढे केला. मला मात्र तू आठवलीस, फ्रॉकातली, त्यांच्या मांडीवर बसून घोकणारी: पट्टे मानेपासून तो कवड्या, मान कोरी तो मण्यार. ह्याची मान कोरी होती, श्वेता. चावला असता म्हणजे? मी घमेलं उपडं घातलं आणि त्यावर चक्क बसले.

इतके भडकले! "एवढी वर्षं काय झक मारली मी?" शेवटी किरणला बोलावलं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला सर्पमित्र, त्याचं तरी ऐकतील असं वाटलं. त्याने घमेलं उचललं, जरा थबकला, आकडीने साप बरणीत सोडला आणि खाली बघत म्हणाला, "हो सर, कवड्याच." फाटकापाशी मला म्हणाला, "काकू, मण्यार होता. पण सरांना मी कसं सांगू?" डोळे भरले होते त्याचे. मलाही कुठे सांगता आलं?

बाबा आता खुशीत आहेत. शेजारच्या दर्शनाला शिकवत होते, मान कोरी म्हणजे कवड्या. डॉक्टरांचं नाव काढलं तर ताटावरून उठतात. फोन वाजला की वाटतं, आता कुणाकडे साप निघाला. काय करावं, मला खरंच कळत नाही.

तू त्यांना फोन कर. सहज म्हण, आमच्या बाल्कनीत साप आला होता, पट्टे मानेपासूनच होते म्हणून घाबरले नाही. ओशाळं न वाटता त्यांना आठवलं तर बरंच. पण "पोरी, तूच विसरलीस" असं म्हणाले, तर वाद घालू नकोस. हो म्हण, आणि मिळेल त्या गाडीने ये.

तुझीच,
आई