कात्री की तार

आई,
तुझ्या नीवेसचे किटोहून खूप मुके. ऑपरेशन नीट झालं. आज वाटीभर सूपही प्यायले.

ज्याच्यापायी माझी तीन बाळं पोटातच गेली, तो गर्भाशयातला पडदा कापायला डॉक्टरीणबाईंकडे दोन हत्यारं होती: बारीक कात्री आणि विजेची तार. मी विचारलं, "यातलं चांगलं कुठलं?"

"गुण दोन्हींचा सारखाच, पोरी. माझा हात कात्रीवर बसलाय."

"मग कात्रीच चालवा!"

थोडं दुखतं, पण ते चालायचंच. बाबांचा गुडघा कसा आहे? बटाटे काढून झाले?

दोन महिने थांबायला सांगितलंय. तुझा जावई मात्र आत्ताच बाळाची नावं सुचवतोय. मी त्याला दटावलं, "एलिसेओ, इतक्यात नको." पण आई, एक नाव मीही मनात धरलंय. तुलासुद्धा सांगणार नाही.

तुझीच,
नीवेस