लिंबू लावलेला ग्लास

अण्णा, घरात दारू आली आणि ती मी आणली, हे आधीच सांगून टाकते. वाईट बातमी तुम्ही कधी उभ्यानं ऐकली नाहीत. कंपनीतून आलात की आई आधी तांब्याभर पाणी पुढे करायची, तुम्ही खाटेवर टेकायचात आणि मग तिच्या तोंडून माझे प्रताप ऐकायचात. तेव्हा टेका कुठेतरी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला चष्मा लागला, माझा मुलगा तुमच्यापेक्षा उंच झाला, आणि तरी हे लिहिताना मी तुमच्यासमोर हात मागे बांधून उभी आहे असंच वाटतं. माझी मलाच लाज वाटते आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

अंबरनाथची खोली सोडून आम्ही चिखलोलीला राहायला आलो. तुम्ही असताना इथे गवत होतं आणि म्हशी होत्या. आता लिफ्टच्या इमारती आहेत, आणि स्टेशन येणार येणार म्हणून सगळ्यांनी घरं घेऊन ठेवली आहेत. आई माझ्याकडेच असते. तिला साखरेचा त्रास आहे, डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, बाकी ठणठणीत. डॉक्टरांनी दुधाचा चहा कमी करा म्हटल्यावर मी तिला ग्रीन टीची सवय लावली. पहिल्या दिवशी एक घोट घेऊन तिनं कपात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "चहा पावडर टाकायची विसरलीस का गं?" तुमचा चहा रटरटून काळा झाल्याशिवाय गाळणीपर्यंत यायचा नाही, तिथे हे असलं गवताचं पाणी. पण मी दिलं म्हणून ती पिते. मी हातात दिलेलं ती न विचारता पिते, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

मी उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, एका जीन्सच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते. आम्ही चारपाच बायका आणि मालकांची सून. तिला आम्ही मॅडम म्हणतो. वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं मोकळी. तिच्या घरी एकदा सगळ्या जमलो होतो, तिथे मी पहिल्यांदा प्यायले. नको म्हणाले असते तर कुणी आग्रह केला नसता. पण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला गेलं की विहार, पंचशील, तुम्ही, आपली चाळ, सगळंच त्यांच्यापुढे मांडावं लागतं. त्यापेक्षा ग्लास घेतला. आवडलं, अण्णा. मग त्या म्हणाल्या, पुढची पार्टी तुझ्याकडे, आणि मी हो म्हणून बसले.

मे महिन्यातला शनिवार ठरला. नवरा आणि मुलगा गावी गेले होते. मोबाइलवर एक मुलगी ग्रीन टीचं उन्हाळी कॉकटेल करून दाखवते, ते मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पाठ झालं होतं. दुपारी पाणी उकळून गॅस बंद केला, वाफेचा जोर बसू दिला आणि आईच्याच डब्यातल्या पिशव्या त्यात सोडल्या. उकळत्या पाण्यात टाकल्या किंवा फार वेळ ठेवल्या की कडू होतात, म्हणून लगेच काढल्या. त्यात आल्याचा रस घातला, गार झाल्यावर लिंबू पिळलं, पुदिना तळहातावर चुरगळून टाकला. मग त्याचे दोन जग केले. एकात मध आणि पांढरी रम. ती बाटली मी उल्हासनगरहून काळ्या पिशवीतून आणून पिठाच्या डब्यामागे लपवली होती. दुसरा जग साधा, बिनमधाचा, आईसाठी. ग्लासात बर्फ घालायचा, वरून सोडा सोडायचा. रमचे ग्लास ओळखू यावेत म्हणून त्यांच्या काठाला लिंबाची चकती खोचली, व्हिडिओतही तसंच होतं. साध्याला नुसता पुदिना. हे सगळं मी अगदी मन लावून केलं, आणि करताना आपल्या घरची खूण मला एकदाही आठवली नाही.

मग आई रोज ज्यांच्यापुढे पंचशील म्हणते त्या हॉलमधल्या दोन्ही तसबिरी काढून आतल्या खोलीत नेल्या. आईला सांगितलं, पुसायच्या आहेत. स्वतःला सांगितलं, त्यांच्यासमोर बाटली उघडायला नको. ते खरंच होतं. पण भिंतीकडे पाहून पाहुण्यांनी मला ओळखावं, हेही मला नको होतं. ज्या तसबिरींना तुम्ही पहिल्या बोनसमध्ये काचेच्या फ्रेमा करून आणल्या होत्या, त्यांची भिंत त्या संध्याकाळी रिकामी होती.

खूण तुम्हीच घातली होती. जयंतीच्या मिरवणुकीला आपल्या गल्लीच्या तोंडाशी तुमचं सरबत असायचं. स्टीलची दोन उंच पिंपं, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, आणि तुम्ही बाह्या वर सारून लिंबं पिळताय. एका पिंपात साखरेचं, दुसऱ्यात नुसत्या मिठाचं, साखरवाल्या म्हाताऱ्यांसाठी. कुणाला वाचता येत नाही आणि कुणाला विचारायची लाज वाटते, म्हणून मिठाच्या पिंपाच्या तोटीला तुम्ही दोऱ्यानं एक लिंबू बांधायचात. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या लिंबू बघून ग्लास पुढे करायच्या. पुढे आईला साखर निघाली तेव्हा ती खूण घरात आली. पौर्णिमेच्या खिरीची दोन पातेली, त्यातल्या एकाच्या झाकणावर लिंबू, म्हणजे ते आईचं. आजही फ्रिजमध्ये झाकणावर लिंबू ठेवलेलं असलं की आई विचारत नाही, काढून घेते.

पाहुण्या आल्या. आई इस्त्रीची पांढरी साडी नेसून बाहेर आली, सगळ्यांना हात जोडले. मॅडम म्हणाली, "आंटी, आओ ना, इधर बैठो मेरे पास." आईनं टेबलावरच्या जगाकडे बघितलं. "काय गं हे पिवळं पिवळं?" मी म्हटलं, "ग्रीन टी आहे, आई. थंड केलेला." खोटं खपायला जेवढं खरं लागतं तेवढं त्यात होतं. आणि मी भजी तळायला आत गेले. ताट घेऊन बाहेर आले तेव्हा आईच्या हातात लिंबू लावलेला ग्लास होता आणि तो निम्मा झाला होता.

तो तिच्या हातून काढून घ्यायचा, एवढंच करायचं होतं. पण तेवढ्यात मॅडम म्हणाली, "यार, तेरी मम्मी तो एकदम मॉडर्न निकली. मेरी सास होती ना, तो भजन चालू कर देती." सगळ्या हसल्या, एकीनं टाळी दिली. मी ग्लास घेतला असता तर सगळ्यांना कळलं असतं की या घरात आईपासून चोरून चाललं आहे, आणि आपली मंडळी दारूला न शिवणारी आहेत, आणि मी तशी नाही. मी ताट खाली ठेवलं आणि चटणी वाढली. थोड्या वेळानं आईनं रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. "अजून दे गं थोडं. लिंबाचंच दे." साध्या जगातलं ओतून वर लिंबू लावता आलं असतं. सुचलंही होतं. पण मॅडम माझ्या हाताकडे बघत होती. अण्णा, तो दुसरा ग्लास मी माझ्या हातानं रमच्या जगातून भरला आणि आईला दिला.

आईचे गाल लाल झाले. ती त्यांना तुमच्या सरबताच्या गोष्टी सांगायला लागली, मराठीत, मधेच तिच्या मोडक्या हिंदीत. "हमारा मालक ऐसा सरबत बनाता था, पूरा मोहल्ला पीता था." त्या हसत होत्या, वाईट मनानं नाही. मीही हसत होते. जाताना मॅडमनं आईला मिठी मारली आणि मला म्हणाली, "नेक्स्ट टाइम भी तेरे घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी उठली, अंघोळ केली, आतल्या खोलीत तसबिरींपुढे मेणबत्ती लावून बसली. मी दाराशी उभी राहिले. तिनं एक-एक शील म्हटलं, तिच्या त्या सुरात, ज्या सुरात ते मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकते. चौथं म्हटलं. पाचव्याला, दारूपासून लांब राहण्याच्या शीलाला, ती थांबली. हात जोडलेले होते, ओठ मिटलेले. मग वाकून नमस्कार केला आणि उठली. मला वाटलं विसरली असेल, वय झालं. तिसऱ्या दिवशीही ती चौथ्यालाच उठली, आणि त्यानंतरही रोज. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला डबा करून देत होती, पाठीवरून हात फिरवत होती. मी मात्र तिच्यासमोर बसून नीट जेवू शकत नव्हते.

तेव्हा मला आपल्या मागच्या चाळीतली ती म्हातारी आठवली. एका वर्षी टवाळ पोरांनी तुमच्या मिठाच्या पिंपात बाटली ओतली होती. तुम्हाला वास आला तोवर एक ग्लास वाटून झाला होता. तुम्ही पिंप गटारात पालथं केलंत, आणि मिरवणूक पुढे गेल्यावर माझा हात धरून त्या म्हातारीच्या दारात गेलात. चपला काढल्यात. म्हणालात, "आत्याबाई, माझ्या पिंपातलं तुम्ही प्यायलात, त्यात दारू होती. माझं लक्ष नव्हतं." ती म्हणाली, "मरू दे रं. मला वाटलं लिंबू सडकं हाय." मग तिनं त्या पोरांच्या आयांचा उद्धार केला आणि आपल्याला भाकरी खायला बसवलं. येताना मी विचारलं, तिला तर कळलंच नव्हतं, मग सांगितलं कशाला? तुम्ही म्हणालात, "तिला नसतं कळलं. पण मला रोज तिच्या दारावरून जायचंय." त्यानंतर दरवर्षी दोन्ही पिंपांतला पहिला ग्लास सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः प्यायचात. मी तर एकाच घरात राहते, अण्णा. मला रोज तिच्या दारावरून नाही, तिच्या डोळ्यांसमोरून जायचं होतं.

काल सकाळी ती चौथ्याला थांबली तेव्हा मी आत जाऊन चटईवर बसले. म्हटलं, "आई, त्या दिवशी लिंबाच्या ग्लासात दारू होती." हळू बोलले, आणि बसले होते तिच्या डाव्या बाजूला. तिनं विचारलं, "काय?" मग तेच मोठ्यानं म्हणावं लागलं. तसबिरींसमोर, एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या फ्लॅटमध्येही गेलं असेल.

आई मेणबत्तीकडे बघत म्हणाली, "मला नाक नाही का? चाळीत जन्म गेला माझा. दारूचा वास मला तू शिकवणार?"

"मग दुसरा का मागितलास?"

"पहिल्याला खात्री नव्हती. म्हटलं, अजून मागू. पोरगी आपल्या हातानं काय देते बघू."

मला रडू आलं. ती तशीच बसून राहिली, जवळ घेतलं नाही. मी विचारलं, "कळल्यावर तरी का प्यायलीस? ठेवून द्यायचास खाली."

"तुझ्या माणसांसमोर? सगळ्या बघत असताना?" ती म्हणाली. "घरातल्या तसबिरी काढल्यास तू. इतकं तुला त्यांच्यापुढे बरं दिसायचं होतं. म्हटलं, दिसू दे. एक ग्लास काय, मी मरत नाही."

मग मी विचारलं, पाचवं का म्हणत नाहीस. ती म्हणाली, "मोडलंय ते मी. जाणूनबुजून. तू येऊन सांगेपर्यंत म्हणायचं नाही, असं ठरवलं होतं. नुसतं माझ्या एकटीचं मोडलेलं असतं तर दुसऱ्या दिवशीच घेतलं असतं परत." आणि तिनं हात जोडले. "चल. म्हण माझ्या मागून."

तसबिरी मी संध्याकाळी पुन्हा हॉलमध्ये लावल्या. आईनं खालून बघून सांगितलं, डावी जरा वर घे. मॅडमनं ऑफिसात विचारलं, आंटी कैसी है, तर मी म्हटलं, ठीक आहे; त्याहून जास्त काही सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. हे लिहिलेलं कुठे टाकायचं नाही, आईच्या हाती लागू द्यायचं नाही. तिला चष्म्याशिवायही माझं अक्षर लागतं.

पण एक राहिलं. आईनं पाचवं शील म्हटलं, एक-एक शब्द सुटा करून, मला सोबत घेता यावं म्हणून. मी तिच्या डाव्या बाजूलाच बसले होते. मी म्हटलं नाही, अण्णा. नुसते ओठ हलवले. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि समाधानानं उठली. बाटली अजून पिठाच्या डब्यामागे आहे, निम्मी.