मागच्या चाकाचा दिवा

आई, तुमच्या लेकाचा वाढदिवस परवा झाला. तुमच्या लक्षात नसणारच. जिवंत होतात तेव्हा तरी कुठे होता? कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "निर्मळची जत्रा भरली होती आणि मला कळा सुटल्या. साल विचारू नका. मी कळा मोजत होते, सालं नाही." मग शाळेत घालताना मास्तरांनी आपल्या सोयीची तारीख टाकली, आणि सगळं जग त्या तारखेला यांना शुभेच्छा देतं. मी मात्र जत्रेची एकादशी धरते. यंदा पंच्याहत्तरी झाली म्हणतात. तुम्ही मोजली नाहीत, मास्तरांनी अंदाजाने धरली, तेव्हा एखादं वर्ष इकडेतिकडे.

मी बोलतेय आणि नात फोनवर टिपतेय. मला अजून अक्षरओळख नाही, तुम्हालाही नव्हती. म्हणजे लिहिणारीला येत नाही आणि वाचणारीलाही येत नाही, असं हे पत्र. नात हसतेय. हसू दे, पण बोट चालू ठेव गं बाय. विषय सायकलचा आहे. आपल्या दोघींमध्ये दुसरा विषय होता कधी?

तीच काळी सायकल. मी नवी सून होते तेव्हा मामंजी पहाटे मोगऱ्याची टोपली मागे बांधून स्टेशनकडे निघाले आणि नंदाखाल गावाच्या वळणावर ट्रकने त्यांना उडवलं. त्यांना बैलगाडीतून घरी आणलं आणि मागून कुणीतरी सायकल ढकलत आणली. सायकलला ओरखडा नव्हता. टोपली जशीच्या तशी, वरचं ओलं फडकंही सरकलं नव्हतं. तुम्ही आधी फुलांवर पाणी मारलंत, मग रडायला बसलात. मला त्या दिवशी तुमची भीती वाटली होती. पुढे कळलं, बागायतीच्या घरात हात आधी फुलाकडे जातो, मग डोळ्यांकडे. तेरावं झालं आणि यांनी तीच सायकल बाहेर काढली, कारण मोगरा कुणासाठी फुलायचा थांबत नाही. तेव्हापासून तुमचं ओट्यावर बसणं सुरू झालं. हे परत येईपर्यंत चहा नाही, पाणी नाही. मी म्हणायचे, "आई, घोटभर घ्या." तुम्ही म्हणायचात, "तू घे. तुझा नवरा आहे, मिळेल दुसरा. माझा लेक आहे." असं नव्या सुनेला बोलायचं असतं का? पण तुम्ही बोलायचात आणि मी तोंडाला पदर लावून हसायचे.

तुम्हाला खरं कशाचं लागलं ते मला माहीत आहे. यांनी पोटासाठी सायकल मारली असती तर तुम्ही सोसलं असतं. पण यांना ती आवडायला लागली. रिकामी टोपली घेऊन हे शीळ घालत यायचे. काम नसलं तरी अर्नाळ्याला जाऊन समुद्र बघून यायचे. बापाला जिने नेलं तिच्यावर बसून लेक शीळ घालतो, हे कुठल्या आईला बघवेल?

मग तुम्ही गेलात. दहाव्याला निर्मळच्या तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, खाली एकही उतरेना. आपल्याकडे बायका तळ्यावर जात नाहीत, म्हणून मी घरी भात बघत होते. तेवढ्यात धाकटे भावोजी घामाघूम होऊन आले. "वहिनी, चला. म्हातारी अडून बसलीय. शेवटपर्यंत तुमच्याच हातचं खात होती, तुम्हीच विचारा तिला काय हवंय ते." मला मागे बसवून त्यांनी सायकल हाणली, तीच सायकल. तळ्यावर सगळे एकेक वचन देऊन दमले होते. कुणी म्हणालं, बाग विकणार नाही. कुणी म्हणालं, देवाचा दिवा चुकवणार नाही. भावोजी म्हणाले, "आई, मी भांडणार नाही," आणि कावळ्यांनी मानही वळवली नाही, कारण त्यांनाही ते खरं वाटलं नसणार. तुमचा लेक मुंडण केलेल्या डोक्याने उन्हात उभा होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, आई, यांना सायकल सोडायला लावते. तोंडातून शब्दही निघाला नव्हता. कावळा असा आला की भात उडाला. भावोजी आजपर्यंत समजतात, त्यांचं वचन पावलं.

दुसऱ्याच्या आवडीचं वचन आपण द्यायचं नसतं. पण उन्हात उभं राहून कुणाला एवढं सुचतं? मी प्रयत्न केले, आई. चाकातली हवा सोडून दिली. हे टोपली खांद्यावर घेऊन चालत स्टेशनला गेले आणि खांदा सुजवून आले. दुसऱ्या दिवशी मीच पंप मारला. आजारपणाचं सोंग केलं. हे सायकलवरून डॉक्टरला घेऊन आले. वर्षं गेली. टायर बदलले, चेन बदलली, सीट बदलली, सांगाडा तेवढा मामंजींचा राहिला. मोगरा गेला, विहिरीचं पाणी मचूळ झालं, अर्ध्या वाडीवर इमारत आली. आता स्टेशनला न्यायला काही नाही, तरी हे पहाटे निघतात. त्या इमारतीतले बँकेत जाणारे, कंपनीत जाणारे लोक बारीक चाकांच्या सायकली घेऊन चिंचोटीपर्यंत जातात. त्यांचे कपडे एवढे घट्ट की बघणाऱ्यालाच श्वास घ्यावासा वाटतो. ते यांना "काका, चला" म्हणतात आणि काका धोतर खोचून त्यांच्या पुढे. आणि तुम्ही गेल्यापासून रोज पहाटे फाटक उघडलं की ओट्यावर गुडघे वाजवत कुणीतरी उठतं. "देवा रे" म्हणतं. मी बघायला जात नाही. मला माहीत आहे कोण आहे ते.

यांचा उजवा कान गेला. यंदा पावसाळ्यात मागून टँकर आला तो यांना ऐकूच आला नाही. बाजूच्या गटारात पडले, कोपर फाटलं, बाकी काही झालं नाही. कपाळाला चिखल लागलेला, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हँडल जरा वाकडं झालंय." मग सर्वपित्रीला मी तुमचं पान छपरावर ठेवलं आणि कावळा शिवला नाही. मामंजींच्या पानाला शिवला. तुमचं तसंच राहिलं, संध्याकाळी मुंग्या लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, आता कावळेच कमी झालेत." शेजारचं पान संपलं होतं, ते त्याला दिसलं नाही. लेकाचा जन्म विसरलात, पण सुनेचं वचन बरं लक्षात ठेवलंत.

मुलगा आचोळ्याला राहतो. त्याने बापाच्या वाढदिवसासाठी आधीच एक सायकल आणून ठेवली. घरात उभी राहणारी. चाकं नाहीत, नुसतं पायडल आणि समोर आकडे. यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही कुठे जाते?"

"कुठेच जात नाही बाबा. तोच तर फायदा."

"मग हिला सायकल का म्हणतात?"

मुलगा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "आई, वाढदिवस झाला की जुनी मी भंगारात देतो. त्यांना तूच सांग. तुझं ऐकतील." आई, बघा कसं असतं. इतकी वर्षं जे मला जमलं नाही ते मुलाने आयतं ताटात वाढलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. वचन पुरं झालं असतं, कावळा आला असता, यांचा जीवही वाचला असता. मी दारातून बाहेर बघितलं. यांनी त्या नव्या सायकलवर ओला टॉवेल वाळत घातला होता आणि ओट्यावर बसून जुनीच्या चेनला तेल लावत होते. शीळ घालत. मान हलली नाही माझी.

म्हणून मी नातीला घेऊन विरारला सायकलच्या दुकानात गेले. भेट द्यायची तर सायकलवाल्या माणसाला सायकलचंच काही द्यावं, आणि माझा स्वतःचा निर्णय होईपर्यंत काहीतरी बघत राहावं. दुकानातला मुलगा गोड होता. "आजी, कोणासाठी? नातवासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"अरे वा. वय काय?"

"तुझ्या दुकानाहून जुना आहे. पण अजून चालतो."

त्याने हेल्मेट दाखवलं. यांच्या डोक्यावर ते केळफुलासारखं दिसलं असतं. मग एक चड्डी दाखवली, तिला बसायच्या जागी गादी शिवलेली. मी म्हटलं, "हे तान्ह्या पोराला बांधतात, म्हाताऱ्याला नाही." नातीला लाज वाटली, ती पंप बघत बसली. मोजे, बाटली, चष्मे, सगळं झालं. मग त्याने एक चिमुकला दिवा काढला. मागे सीटखाली लावायचा, लाल. लुकलुकणारा ठेवता येतो किंवा एकसारखा जळणारा. ऐकू कमी येत असेल तर मागच्या गाडीवाल्याला निदान हे तरी दिसेल, असं तो म्हणाला. मी विचारलं, "किती लांबून दिसतो?"

"तुमची नजर जाईल तितक्या लांबून, आजी."

मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर चांगली जाते. मी तोच घेतला.

एकादशीला पहाटे यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, हातात साखर ठेवली आणि पुडी दिली. यांनी दिवा उलटासुलटा करून बघितला. "मागे लावायचा? मागचं मला कुठे दिसतं?"

"तुमच्यासाठी नाहीच तो. मागच्यांसाठी आहे."

"पण पोरगा तर म्हणाला तू मला सायकल सोडायला सांगणार आहेस."

"सांगणार होते. आता सांगते, दिवा लावल्याशिवाय जाऊ नका." मुलगा आतून बघत होता. माझ्याशी तो दिवसभर बोलला नाही, आणि जत्रेतही दोन हात लांबून चालला. चालायचंच.

नातीने दिवा बसवला. लुकलुकणारा नको म्हटलं, तसला बघितला की अँब्युलन्स आठवते. एकसारखा ठेव. हे निघाले. आपल्या वाडीतला रस्ता अजून खड्ड्यांचा आहे, वळणापर्यंत सायकल चालत्या माणसाच्याच वेगाने जाते. पूर्वी फाटकातून बाहेर पडले की अंधार यांना गिळायचा आणि पुढचं सगळं कानावर सोडावं लागायचं. परवा पहिल्यांदा मी यांना जाताना बघितलं. लाल ठिपका, नारळींच्या मधून. मी ओट्यावर उभी. आणि आई, मागे गुडघे वाजले नाहीत. "देवा रे" कुणी म्हटलं नाही. ओटा रिकामा होता, इतका रिकामा की मला गार वाटलं.

तेवढ्यात तो दिवा झाकला. परत दिसला. परत झाकला. सायकलच्या मागे कुणी चालत असेल तर जसा झाकेल तसा. एकदा पटकन, एकदा बराच वेळ, पटकन, बराच वेळ. विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून तुम्ही डावा पाय ओढायचात, ती चाल मी झोपेतही ओळखेन. वळणावर एकदा झाकला तो परत दिसलाच नाही.

हे आले तेव्हा ऊन वर आलं होतं. मी विचारलं, "कशी झाली?" म्हणाले, "बरी झाली. पण वळणापासून पुढे सायकल जड लागत होती. मागे टोपली बांधल्यासारखी. उतरून हवा बघितली, भरपूर होती." आणि शीळ घालत हातपाय धुवायला गेले. बोलून काय सांगणार? तुमची आई मागे बसली होती म्हणून?

काल आणि आजही दिवा तसाच झाकला. तुम्ही त्यांची राखण करताय की वसुलीला आलाय, हे मला कळत नाही. जिवंतपणीही तुमच्या तोंडावरून काही कळायचं नाही. वचन मी मोडलं, ते डोळे उघडे ठेवून मोडलं, आणि परत वेळ आली तर परत मोडेन. तो माणूस घरातल्या उभ्या सायकलवर बसलेला मला बघवला नसता. तो जिवंत राहिला असता, पण शीळ बंद झाली असती.

नात विचारते, हे पाठवायचं कुणाला? तिला म्हटलं, कुणालाच नाही, राहू दे तुझ्या फोनात. एक गोष्ट तेवढी घाल त्यात. दिवा मी टँकरवाल्यांसाठी घेतला असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला ओट्यावरून दिसावं म्हणून घेतला. कान लावून बसायची तुमच्याएवढी ताकद माझ्यात नाही.

आणि आई, मेलेलं माणूस स्वप्नात जेवायला वाढतं ते आपण खाऊ नये, खाल्लं की त्याच्या मागे जावं लागतं, असं म्हणतात. ताट पाठवायचंच ठरवलं असेल तुम्ही, तर ते यांच्या उशाशी ठेवू नका. माझ्याकडे पाठवा. वालाचं बिरडं करा, नारळाचं दूध घालून. वाल सोलायला माझी नखं आता उरली नाहीत, आणि तुमच्यासारखं ते मला कधी जमलंही नाही. तिखट बेताचं घाला. सोबत तांदळाची भाकरी, एकच. एका माणसापुरतंच पाठवा.