ठिबकच्या नळ्यांची बाकं

चोपडा, ३ मार्च २०२४

ति. नाना यांस,
वृषालीचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र. केळीच्या शेतांतून फेकून दिलेल्या ठिबकच्या नळ्या वितळवून आमच्या बचत गटाने बसायची बाकं केली आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या नगरपालिकेला बागेसाठी बाकं हवी आहेत, पण निविदेत अट आहे, की साहित्य नवीनच हवं. तिथले बाबू हसून म्हणाले, की हे बठ्ठं भंगार शे, सगळंच्या सगळं भंगार. माझी भागीदार रत्ना भांडायलाच निघाली होती. तुम्ही जन्मभर सरकारी खरेदीत काढलात. काय करू?

काकूंना जयभीम. माया आहे तशीच ठेवा.
तुमची पुतणी, वृषाली

धुळे, ९ मार्च

चि. वृषालीस अ. आ.

मला सगळं ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. तुझा माल मीही परत पाठवला असता. वस्तू मोडली की जाब खरेदी करणाऱ्याला द्यावा लागतो, म्हणून तो ‘नवीन’ या शब्दाच्या आडोशाला बसतो. दया मागू नकोस. मुख्याधिकाऱ्यांना भेट, एक बाक उन्हाळाभर चाचणीला ठेवा म्हण. काकू विचारते, बाकाला केळीचा वास येतो का?

जेवणाची हेळसांड नको. लोभ आहेच.
नाना

चोपडा, २१ मे

ति. नाना यांस स. जयभीम.

मुख्याधिकारी बाईंनी बाक दवाखान्याबाहेर ठेवू दिलं. परवाच्या उन्हात ते मधोमध वाकलं. एक आजी पडता पडता वाचल्या. आम्ही लगेच टेम्पो नेऊन ते उचलून आणलं आणि काय झालं ते बाईंना स्वतः सांगितलं. परतताना रत्ना रडली. आई म्हणते, हे सोड आणि नोकरी बघ. मलाही तसंच वाटू लागलंय.

रागावू नका.
वृषाली

धुळे, २६ मे

चि. वृषालीस अ. आ.

तक्रार येण्याआधी पुरवठादाराने आपला माल आपणहून परत नेला, असं मी नोकरीत कधी पाहिलं नाही. बाईंच्याही ते लक्षात राहील. दुसरं बाक कर. रविवारच्या गाडीने येतो. माझं वजन तुला ठाऊक आहे, चाचणीला मीच बसेन.

धीर सोडू नये, ही विनंती.
नाना

चोपडा, ८ डिसेंबर २०२५

ति. नाना यांस स. जयभीम.

खाली लोखंडी पट्टी घातलेल्या दुसऱ्या बाकाने यंदाचा मे ताठ पाठीने काढला! बाईंनी अटच बदलली. साहित्य जुनं की नवं ते बघायचं नाही, वजन आणि ऊन सोसतं का ते तपासायचं. आम्ही इतरांसारखीच निविदा भरली. बसस्थानकाचं काम दुसऱ्याला गेलं, बागेचं आम्हाला मिळालं.

काल बाकं बसवली. काम झाल्यावर मी रत्नाला बस म्हटलं, तर ती उभीच. ठेकेदाराकडे असताना याच बागेत तिने कितीतरी वर्षं झाडू मारला, पण बसायची तिला मनाई होती. मग तिने पदराने बाक पुसलं, ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, की तू हो पुढे, मी बसते अजून थोडी.

तुमच्या मायेची,
वृषाली