नरसिंगरावांची मुलगी

हैदराबाद, जुलै १९५७

तीर्थरूप नरसिंगमामा,

एम.ए.ला जागा मिळाली!

मी तुमच्या वनमालासारखी खासगी शाळेत शिकलेली नाही, म्हणून तुम्ही बजावलं होतं, "माझीच मुलगी म्हणून सांग, प्राध्यापक ओळखीचे आहेत." नवं राज्य आलं, ओळखी मात्र निजामाच्या वेळच्याच राहिल्या.

मुलाखतीला शिपायाने "नरसिंगरावांची मुलगी" अशी हाक मारली. मी उठलेही. तेवढ्यात आमच्या गावाहून, बेल्याहून, न सांगता आलेले बाबा दारातून ओरडले, "नाही जी, माही पोरगी हाय ते! कापूसवाल्या माणिकरावची!"

वाटलं, जागा गेली. पण मग एकाही उत्तराला अडखळले नाही.

चार वर्षं तुम्ही मला घरी ठेवून जेवू घातलंत, तुम्हाला दुखवायचं नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण मामा, किती मोकळं वाटतंय!

माणिकरावांची मुलगी,
सुभद्रा